आरसीवर 697, ब्लॉकमध्ये 92

रामबागेतल्या काकांना पाण्याचा जुना टँकर घ्यायचा होता. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं खरं, पण उन्हाळा तापला की टँकरवाल्याचा फोन सकाळपासून खणखणतो. जवळच्या फेऱ्यांना नवी गाडी कोण घालतो? गाडी बघून झाली होती, टाकी ठोकून झाली होती. काका म्हणाले, "तू फक्त इंजिन बघ." माझा धंदा बोरिंग-होनिंगचा, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर कातून-घासून मापाला आणायचा, त्यामुळे इंजिन माझ्याकडे बहुतेक उघडं होऊनच येतं. हे मात्र बंद होतं, आणि चालू होतं.

आरसीवर इंजिन नंबर 697 ने सुरू होत होता आणि क्षमता 5675 सीसी लिहिली होती. कागद आपसांत जुळत होते. टाटाच्या या जुन्या इंजिनांचं नावच माप सांगतं. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटर. 697 म्हणजे सहा सिलिंडर, बोअर 97; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, नावात नसतो, तो 128. मर्सिडीजच्या ओएम 352 इंजिनाचं माप हेच; टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, 1954 साली डाइमलर-बेन्झशी करार केला, तिथपासूनचं हे घराणं. ही रीत अशोक लेलँडच्या इंजिनाला मात्र लावू नका. तिथला 370 हा घन इंचांचा आकडा, म्हणजे सहा लिटरच्या आसपास. टाटाच्या हिशेबानं वाचलात तर तीन सिलिंडर आणि 70 चं बोअर निघेल आणि दुकानदार हसेल.

काकांच्या मुलाला कोणीतरी सांगितलं होतं की गाडीत कमिन्स कंपनीचं इंजिन बसवलंय. ते खोडायला पाना लागला नाही. टाटा-कमिन्सच्या जुन्या 6बीटी इंजिनावर सहा सिलिंडरांची सहा वेगळी छोटी रॉकर कव्हरं, म्हणजे व्हॉल्व्हवरची झाकणं, असतात, प्रत्येकाच्या मधोमध एक बोल्ट. इथे वर एकच लांब कव्हर होतं. म्हणजे टाटाचंच. पण टाटाचं कोणतं? 692 सुद्धा सहा सिलिंडरचंच, एका रांगेतलं, वर तसंच लांब कव्हर. त्यावर वर्षानुवर्षांचं तेल-धूळ बसली की दोन्ही सख्खी भावंडं दिसतात. आवाजावरून सांगणारे उस्ताद आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. माझा त्यावर विश्वास नाही; डिझेल पंपाचं टायमिंग जरा हललं की आवाजाचा सगळा नूर बदलतो.

मग घासलेट, तारेचा ब्रश आणि टॉर्च. ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या ओतीव धडाच्या, कुशीला उठावाचे आकडे सापडले. मुलगा लगेच मोबाइलवर फोटो काढायला लागला. त्याला थांबवलं. उठावाचे आकडे ओतकामाचे. तो साचा, नंबर नव्हे. इंजिन नंबर सपाट केलेल्या पट्टीवर पंचानं, म्हणजे आकडा उमटवायच्या पोलादी ठशानं, खोल ठोकलेला असतो. ती पट्टी मिळाली, रंगाचा जाड थर खरवडला आणि वरून खडू घासला. खडू खाचांत बसतो, आकडे पांढरे उठतात. इथे उठल्या त्या तिरप्या, बारीक रेघा, एकाच दिशेनं गेलेल्या. ग्राइंडर फिरवलेला. त्यावर 697 पुन्हा ठोकलेला होता, पण 6 आणि 9 एका ओळीत नव्हते, आणि 7 नुसता टेकवल्यासारखा उथळ. शेजारची इंजिनाची पाटी नव्या अॅल्युमिनियमच्या रिव्हेटांनी बसवलेली.

विकणारा म्हणाला, "भिया, लिलाव में ली थी, जैसी मिली वैसी है." खरं असेलही. त्याच्या चेहऱ्यावरून मला तरी लबाडी वाटली नाही.

मी म्हटलं, हेड, म्हणजे सिलिंडरांचं वरचं तोंड बंद करणारा भाग, उतरवू. तो कुरकुरला. नव्या गॅस्केटचे पैसे काकांनी द्यायचे ठरले, तेव्हा राजी झाला.

हेड निघाल्यावर फार वेळ लागला नाही. बोअर गेज पहिल्या सिलिंडरमध्ये सोडलं, 92.5. सहाही तसेच, म्हणजे झिजल्यावर एकदा अर्धा मिलिमीटर मोठं कातलेलं, ओव्हरसाइज झालेलं 92. ओव्हरसाइज देऊन देऊन 92 चं 97 होत नाही. तरी स्ट्रोकही मोजला. पुढची पुली फिरवून पिस्टन तळाला नेला, डेप्थ गेजनं वरून खोली घेतली, मग पिस्टन वर आणून परत घेतली. फरक 120. मूळ मापानं 4786 सीसी, म्हणजे 692. आरसीपेक्षा 889 सीसी कमी. काका हिशेबी माणूस, त्यांनी हा फरक माझ्या आधी काढला होता.

"मग भाव कमी करू या की," मुलगा म्हणाला.

भावाचा प्रश्न नव्हता. इंजिन बदलणं गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली त्याची रीत आहे: मंजुरी घ्या, बदल झाल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवा, आरसीवर नोंद करून घ्या. हे 692 कुठल्या गाडीतून आलं त्याचं बिल असतं तर मीच म्हटलं असतं घ्या, टँकरला पुरेसं आहे. पण बिल नव्हतं, आणि नंबर घासलेला होता. उद्या अपघात झाला, विमा कंपनीचा सर्व्हेअर खडू घेऊन आला, की उत्तर काकांना द्यावं लागणार. चोरीचं निघालं तर पोलिसांनाही.

काकांनी बयाणा परत मागितला. थोडी बोलाबाली झाली, पण मिळाला.

हेड मी परत बसवून दिलं, मधल्या बोल्टांपासून बाहेर कसत आणलं. हात पुसत होतो तेव्हा विकणारा जवळ आला आणि हळूच विचारलं, नंबर नीट ठोकून मिळेल का, म्हणाल ते देतो. त्याला म्हटलं, लिलावाचे कागद घेऊन आधी आरटीओत जा. त्यांनी लेखी दिलं तर ये, पंच माझ्याकडे आहेत.