नागपूरच्या उन्हात साल्मोनेला शोधताना: माझा अनुभव

ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या) कोंबडीची बॅच साधारण ३८ ते ४० दिवसांत विक्रीला निघते. नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून साल्मोनेलाचा (कोंबडीतून माणसाचं पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा) पक्का रिपोर्ट हातात यायला पाच दिवस जातात. हे दोन आकडे समोर ठेवूनच मी नमुन्याचा दिवस ठरवतो. २८-३० व्या दिवशी घेतला आणि जिवाणू सापडला, तर ती बॅच सगळ्यात शेवटी कापणं, क्रेट आणि गाडी वेगळी धुणं, शेड रिकामं झाल्यावर तूस बाहेर काढणं, एवढं तरी ठरवता येतं. ३६ व्या दिवशीच्या नमुन्याचा रिपोर्ट येतो तेव्हा त्या कोंबड्या सावजीच्या रश्श्यात पोहोचलेल्या असतात.

फार्मवर पहिला प्रश्न पाण्यातल्या औषधाचा. प्रतिजैविक चालू असताना घेतलेला नमुना मी धरत नाही, कारण जिवाणू दबलेला असतो, गेलेला नसतो. दुसरा प्रश्न तुसाचा. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून येणारा धानाचा तूस इकडे सगळीकडे अंथरतात आणि तपासणीवाला येणार म्हटलं की त्यावर नवा थर पडतो. "साहेब, कालच नवा तूस टाकला, सगळं चकाचक हाय." फार्मवाला प्रेमाने सांगतो, पण मला तर खालची विष्ठाच हवी असते. अशा वेळी नमुना दोन-तीन दिवस पुढे ढकललेला बरा.

नमुना म्हणजे बूट स्वॅब: बुटावर चढवायचे निर्जंतुक, पाणी शोषणारे कापडी मोजे. दारातच बुटावर प्लास्टिकचं आवरण, त्यावर निर्जंतुक पेप्टोन पाण्यात (जिवाणूंना पोसणाऱ्या द्रावणात) भिजवलेले मोजे. कोरड्या मोज्याला धूळ चिकटते, विष्ठा नाही, आणि मे महिन्यात शेडमध्ये धूळच जास्त. दारातल्या फिनाईलच्या किंवा चुन्याच्या ट्रेमध्ये पाय घालायचा तो आवरण चढवण्याआधी. मोजे घालून त्यात पाय पडला की नमुना गेला. एका जोडीवर किमान १०० पावलं, दोन जोड्या, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी पिण्याच्या निपलच्या रांगेखाली तूस ओला होऊन ढेपा बनतात, तिथून आवर्जून जायचं, पण फक्त तिथूनच नाही. मोजे उलटे करून काढले की विष्ठा आत राहते.

मे महिन्यात मी सहाच्या आत शेडवर असतो. उमरेडकडून किंवा काटोलकडून परतताना बंद गाडीत डबा तापला, तर साल्मोनेलाआधी बाकीचेच जिवाणू बेसुमार वाढतात आणि पुढे त्याला झाकून टाकतात. बर्फाच्या पिशव्या असलेला थर्मोकोलचा डबा, आत २ ते ८ अंश. नमुना थेट बर्फाला टेकवायचा नाही, गोठवायचा तर मुळीच नाही.

मांसाचा नमुना घेताना बहुतेकांची चूक एकच: छातीचा स्वच्छ तुकडा. जिवाणू असतो कातडीवर आणि पिसांच्या छिद्रांत. म्हणून मानेची कातडी २५ ग्रॅम, किंवा अख्खी कोंबडी ४०० मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये पिशवीत घालून एक मिनिट हलवायची. दुकानात मी सकाळची पहिली आणि दुपारची शेवटची कोंबडी मागतो. गरम पाण्याचं भांडं आणि पिसं काढायचा ड्रम दिवसभर तेच असतात, त्यांनी काय पसरवलं ते दोन नमुन्यांच्या फरकात दिसतं. प्रक्रिया केंद्रात कोंबडी क्लोरीनच्या पाण्यातून काढत असतील तर द्रावणात सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर उरलेलं क्लोरीन पिशवीतही जिवाणू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा 'नाही' येतो.

प्रयोगशाळेत आल्यावर २५ ग्रॅमला २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटर, ३७ अंशाला १८ तास. मोज्यांच्या जोडीलाही २२५ मिली, मोजे पूर्ण बुडाले पाहिजेत. पेप्टोन वॉटरची बाटली फ्रीजमधून काढून लगेच वापरू नका. ती गरम व्हायलाच काही तास खाते आणि तेवढे तास १८ मधून वजा होतात. अशक्त झालेला जिवाणू इथेच सावरतो, त्यामुळे इथली घाई पुढे कुठेच भरून निघत नाही.

आता नागपूरची खास अडचण. साधा इन्क्युबेटर (नमुने ठराविक तापमानात ठेवायची पेटी) फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. खोलीच ४३ अंशांवर गेली तर ३७ वर लावलेलं यंत्र ३७ वर राहणारच कसं? बाहेरचा आकडा न पाहता आत वेगळा थर्मामीटर ठेवून दिवसातून दोनदा नोंद केल्यावर हे लक्षात येतं. उपाय म्हणजे थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर, किंवा खोलीला एसी. कूलर नको: दमट हवा आणि पंखा, म्हणजे प्लेटवर बुरशी ठरलेली.

दुसऱ्या दिवशी मांसाच्या नमुन्यातलं ०.१ मिली १० मिली आरव्हीएस ब्रॉथमध्ये ४१.५ अंशाला, आणि १ मिली १० मिली एमकेटीटीएनमध्ये ३७ अंशाला, दोन्ही २४ तास. ही दोन्ही द्रावणं बाकीच्या जिवाणूंना दाबून साल्मोनेलाला वाढू देतात. आरव्हीएसच्या भुकटीत मॅग्नेशियम क्लोराइड असतं, पावसाळ्यात डबा उघडा राहिला की दगड होतो. विष्ठेच्या नमुन्याला मी एमएसआरव्ही वापरतो: अर्धवट घट्ट माध्यमावर ०.१ मिली तीन थेंबांत, प्लेट उलटी न करता ४१.५ अंशाला. साल्मोनेला पोहत बाहेर पसरतो आणि थेंबाभोवती करडं-पांढरं वलय दिसतं. वलयाच्या कडेवरूनच उचलायचं. प्लेट फार सुकली तर तो पोहत नाही, ओली राहिली तर थेंबच वाहतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: पुलोरम आणि गॅलिनारम हे साल्मोनेलाचे प्रकार हलतच नाहीत, त्यामुळे इथे ते दिसणार नाहीत. अंड्यावरच्या कळपात मरतुक वाढली असेल तर मेलेल्या कोंबडीचं यकृत आणि प्लीहा पाठवा, मोजे नकोत.

मग तिथून उचललेलं एक्सएलडी प्लेटवर, म्हणजे रंगावरून जिवाणू ओळखायच्या घट्ट माध्यमावर. हे माध्यम ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाखालच्या वाफेत तापवायचं) नाही, फक्त उकळायचं. २४ तासांनी लालसर, मध्ये काळा ठिपका असलेल्या वसाहती. काळं दिसलं की साल्मोनेला, असं नाही. प्रोटियसही काळा डाग देतो. टीएसआयमध्ये (तिरकं घट्ट केलेल्या माध्यमाच्या नळीत) वरचा उतार लाल, तळ पिवळा, मध्ये काळं, आणि युरिया निगेटिव्ह (जिवाणू युरिया फोडत नाही), असं जुळलं तरच सेरमकडे, म्हणजे जिवाणूच्या गाठी धरवून ओळख पटवणाऱ्या चाचणीकडे. सेरमआधी नुसत्या सलाइनच्या थेंबात वसाहत घोळून पाहायची. तिथेच गाठी धरल्या तर सेरमच्या निकालाला अर्थ उरत नाही. प्रत्येक फेरीत एक माहीत असलेला साल्मोनेला आणि एक कोरी (नमुना न घातलेली) बाटली बरोबर चालते. माहीत असलेला वाढला नाही तर त्या दिवसाचे सगळे 'नाही' रद्द.

या साऱ्यात कॅम्पिलोबॅक्टर, हा कोंबडीतला दुसरा पोट बिघडवणारा जिवाणू, कुठेच येत नाही. त्याला ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, वेगळी बरणी, वेगळं माध्यम. तो मागितला तरच तपासला जातो.

राहिला आकड्यांचा भाग. दर २० कोंबड्यांत एक दूषित असेल आणि तुम्ही ५ तपासल्या, तर पाचही चांगल्याच निघण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के. ९५ टक्के खात्री हवी तर साधारण ६० तपासाव्या लागतात. म्हणून माझ्या रिपोर्टवर 'आढळला नाही' च्या शेजारी नमुने किती, कोणत्या वयाचे आणि किती तासांत पोहोचले, हे लिहिलेलं असतं.