मे महिन्यात पाहिलेला ओढा

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या गायरानावर जवळच्या शहराचा कचरा डेपो करण्याचे घाटत आहे. जागेची पाहणी भर मे महिन्यात झाली. कडेचा ओढा तेव्हा ठणठणीत कोरडा होता, त्यामुळे अहवालात ‘पडीक, खडकाळ जमीन’ एवढीच नोंद आली. मराठवाड्यातला ओढा मे महिन्यात पाहायला जाणे म्हणजे भर दुपारी चांदण्या मोजायला बसणे होय.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे अशी जागा नदीपासून 100 मीटर आणि तळ्यापासून 200 मीटर दूर असावी लागत होती. पण चार महिने वाहणाऱ्या ओढ्याला नदी कोण म्हणणार? पाणथळ जागांसाठीचे 2017 चे नियम तेथे घनकचरा टाकण्यास मनाई करतात खरे, मात्र सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत, आणि आमच्याकडे पाणथळ म्हणावे असे जे आहे ते बहुतेक माणसानेच बांधलेले आहे.

हा ओढा ज्या पाझर तलावाला मिळतो, तो 1972 च्या दुष्काळी कामावर झाला. आजीने तेथे डोक्यावरून माती वाहिली होती; तेव्हा मजुरांना सुकडी हे पौष्टिक खाद्य वाटत, म्हणून ती त्याला अखेरपर्यंत ‘सुकडीचा तलाव’ म्हणे. पाझर तलाव बांधतात तो पाणी साठवण्यापेक्षा मुरवण्यासाठी. मुरमातून आणि त्याखालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून ते पाणी खालच्या शिवारातल्या विहिरींना लागते. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, ज्याला तज्ज्ञ लिचेट म्हणतात, तेही अमोनिया, क्लोराईड आणि जड धातू घेऊन याच वाटेने जाणार. तलावातले मासे मेले तर निदान दिसतील. विहिरीत उतरलेले क्लोराईड मात्र पाणी मचूळ लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात येणार नाही.

तळाशी 90 सेंटीमीटर मातीचा थर आणि त्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर घालणार असल्याने काळजीचे कारण नाही, असे आम्हांला सांगण्यात आले. परंतु 2016 च्या त्याच नियमांत असेही म्हटले होते की भूजलाची सर्वांत वरची पातळीसुद्धा या थराच्या किमान 2 मीटर खाली असली पाहिजे. गायरानालगतच्या विहिरीत मे महिन्यात तळ दिसतो आणि चांगल्या पावसाच्या वर्षी भाद्रपदात वाकून घागर भरता येते. मग मे महिन्यातली पातळी कोणत्या हिशेबाने धरली?

माझ्या हरकतीच्या अर्जात एकच मागणी आहे, ती म्हणजे पोळा झाल्यावर पुन्हा पाहणी करावी. त्या दिवसांत गायरानावर पोहोचायला साहेबांना ओढ्याच्या गुडघाभर पाण्यातून जावे लागेल.