एसईएमची फिलामेंट बदलताना : माझा अनुभव

आमच्या विभागातल्या एसईएमची (इलेक्ट्रॉनच्या झोताने प्रतिमा दाखवणारा सूक्ष्मदर्शक) टंगस्टन फिलामेंट, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणारी तार, गेली आणि ती बदलायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. प्रयोगशाळेतले काका शेजारी उभे होते. गन, म्हणजे ही तार बसते तो भाग, थंड होईपर्यंत थांबायचं, मगच आत कोरडा नायट्रोजन सोडायचा. तापलेल्या टंगस्टनला हवा लागली की लगेच ऑक्साइड होतं.

वेहनेल्ट कॅप (तारेवरचं छिद्र असलेलं झाकण) उघडली तर आतून काळसर थर. तारेवरून उडालेलं टंगस्टनच ते! तुटकी तार मी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. टोक निमुळतं होत गेलेलं, म्हणजे बाष्पीभवनाने झिजून गेलेली. टोकाला वितळलेला गोळा दिसला असता तर फाजील तापवल्याची खूण, खड्डे दिसले असते तर व्हॅक्यूमची तक्रार. तुटकी तार न बघता फेकू नये, हे माझं ठाम मत झालं आहे.

कॅप पॉलिशने घासली, अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये धुतली, नवी तार छिद्राच्या मधोमध बसवली. ही कामं हाताला सवय झाली की सोपी.

खरी परीक्षा सॅच्युरेशनची, म्हणजे तार आणखी तापवूनही इलेक्ट्रॉनचा झोत (बीम) वाढेनासा होतो ती जागा गाठण्याची. फिलामेंट करंट सावकाश वाढवत गेलो. बीम वाढला, मग चक्क उतरला. हे खोटं शिखर, इथे फसायचं नाही. पुढे पुन्हा चढला आणि सपाट झाला. काका म्हणाले, "बस कर आता. यापुढे बीम वाढणार नाही, नुसती तार उडेल."

तापलेल्या धातूतून किती इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते सांगणारं रिचर्डसनचं समीकरण एम.एस्सी.ला पाठ होतं, पण त्याचा अर्थ त्या नॉबवर हात असताना कळला. टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे 4.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, अख्खा अणू सुटायला जवळपास दुप्पट. म्हणून तापमान वाढलं की बाष्पीभवन इलेक्ट्रॉनच्या उत्सर्जनापेक्षा झपाट्याने वाढतं. 2700 केल्व्हिनच्या आसपास अवघे 27 अंश चढवले, तर उत्सर्जन साधारण पाव पटीने वाढतं, बाष्पीभवन मात्र जवळजवळ दीडपट. त्यात गनचा बायस (कॅपवरचं ऋण व्होल्टेज) ते वाढीव उत्सर्जनही अडवून धरतो. हाती काहीच लागत नाही आणि तार मात्र बारीक होत जाते.

तेव्हापासून मी सपाटीच्या किंचित अलीकडेच थांबतो. लॅन्थॅनम हेक्झाबोराइडचा कॅथोड (तारेच्या जागी इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) 1800 केल्व्हिनच्या आसपास काम करतो आणि कितीतरी जास्त टिकतो, पण त्याला फार चांगलं व्हॅक्यूम लागतं. आमच्या गनचं व्हॅक्यूम तिथवर पोचत नाही, म्हणून आम्ही टंगस्टनवरच आहोत.