गम गालात ठेवायचा असतो

"मॅडम, हा गम काही कामाचा नाही. घसा जळतो, उचक्या लागतात आणि तलफ आहे तशीच." औषधांच्या काउंटरमागे उभी राहून सिगारेट सोडण्यासाठीच्या निकोटिन गमबद्दल ही तक्रार मी सतत ऐकते. त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: चावता कसा?

बहुतेक जण साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावतात. मग निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, पोट ढवळतं आणि मेंदूपर्यंत फारच थोडं पोचतं. हा गम सावकाश चावायचा, तोही तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवेपर्यंतच. मग गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. चव ओसरली की पुन्हा थोडा चावून जागा बदलायची. असं साधारण अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात शिरतं, आणि तोंडात आंबटपणा असला की ते नीट शिरत नाही. म्हणून गमच्या आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, सोडा नको.

दुसरी अडचण म्हणजे लोक गम पुरवून पुरवून वापरतात. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला बरीच मिनिटं लागतात. तलफ अनावर झाल्यावर गम शोधला तर उशीर झालेला असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत दर एक-दोन तासांनी घ्यावा. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 2 ऐवजी 4 मिलिग्रॅमचा. पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि गम एकत्र वापरले तर एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो, हे मी आवर्जून सांगते. पॅच दिवसभर संथपणे निकोटिन देतो, अचानक उसळलेल्या तलफेसाठी गम. "याचंच व्यसन लागलं तर?" असं घाबरून विचारतात. अहो, फुप्फुसं आणि हृदय पोखरतो तो धूर, त्यातलं टार आणि कार्बन मोनॉक्साइड. गममध्ये ते नाही.

व्हॅरेनिक्लिनची गोळी मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं तिथे ही गोळी आधीच जागा अडवते आणि थोडीशी चेतनाही देते. त्यामुळे तलफ मंदावते, आणि सिगारेट ओढलीच तरी तिची मजा येत नाही. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी ती सुरू करतात, कोर्स सहसा 12 आठवड्यांचा. मळमळ होते म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. मनावर परिणाम होईल ही भीती खूप पसरली होती. 2016 साली आठ हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी वेष्टनावरचा ठळक इशारा काढला. तरीही मन फार खचल्यासारखं वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. बुप्रोपिऑन या गोळीचा आणखी एक पर्याय आहे, पण फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांना तो चालत नाही.

आणि एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की तीच कॉफी जास्त चढते; हात थरथरतात, झोप उडते आणि दोष सिगारेट सोडण्यावर जातो. त्या दिवसांत कॉफी निम्मी करा. दम्यावरचं थिओफिलिन आणि मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन या औषधांचंही असंच होतं. यांतलं काही चालू असेल तर सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागू शकतो.