कमोड हलतोय

माझे सासू-सासरे 14 तारखेला डेट्रॉईटला उतरणार होते, आणि 3 तारखेच्या रात्री मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं की खालच्या बाथरूममधला कमोड हलतोय. पडेल असा नाही. बसताना उजवीकडे जरासा कलायचा आणि उठताना ‘टक्’ करून जागेवर यायचा. आम्ही दोघं महिनाभर त्याच्या कलाने घेत होतो. पण बाबा 76 वर्षांचे, एक गुडघा बदललेला, आणि जिना नको म्हणून खालची खोली त्यांच्यासाठीच ठेवलेली.

त्यात मागे फरशीवर ओल. घरात कुठेही पाणी दिसलं की नवरा आधी कमोडशेजारच्या जेट स्प्रेकडे बघतो, कारण तो मी हट्टाने लावून घेतलाय. जेटच्या जोडाला टिश्यू गुंडाळून ठेवला. कोरडा. मग शिऱ्यासाठी आणलेला केशरी रंग वरच्या टाकीत टाकला आणि अर्धा तास फ्लश केलं नाही. भांड्यातलं पाणी स्वच्छच राहिलं, म्हणजे टाकीचं तोंड बंद ठेवणारा रबरी फ्लॅपर धड होता. शेवटी फ्लश केलं, आणि कमोडच्या बुडातून फरशीवर केशरी ओघळ आला. म्हणजे हे पाणी भांड्यातून जाऊन बाहेर येत होतं. महिनाभर ती ओल मी पायपुसण्याने पुसत होते. यावर अधिक लिहीत नाही.

प्लंबरला फोन केला. नुसतं येऊन बघायचे 149 डॉलर, काम वेगळं, आणि पहिली मोकळी तारीख 17. ठाण्यात वॉचमनकाकांच्या कानावर घातलं असतं तर संध्याकाळपर्यंत दारात पिशवी घेऊन माणूस उभा! आणि मुळात आपल्याकडे कमोड असा हलतोच कुठे? खाली स्लॅब, कडेने व्हाइट सिमेंट, बसला की बसला. (खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन वर्षं भांडण चालतं, हे खरंय. पण कमोड हलत नाही.)

शेजारी एक आजी राहतात. निवृत्त शिक्षिका, एकट्या, सत्तरीच्या पुढच्या. कुंपणाशी सहज विषय निघाला तर म्हणाल्या, ‘मेणाची रिंग गेली असणार, शनिवारी करून टाकू.’ मला वाटलं, ओळखीचं कोणी पाठवतील. शनिवारी सकाळी नऊला त्या स्वतः आल्या, गुडघ्यांना पॅड बांधून आणि हातात हेक्सा ब्लेड घेऊन.

आता त्या मेणाबद्दल. मी इंजिनिअर आहे, गाड्यांच्या भागांचं काम करते, आणि चौदा वर्षं या देशात राहून मला हे माहीत नव्हतं. इथली घरं लाकडी सांगाड्याची, फरशीखाली प्लायवूड. सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाशी फ्लँज नावाची एक चकती जमिनीला स्क्रूने बसवलेली असते. तिच्यातून दोन बोल्ट वर येतात, त्यांवर कमोड ठेवायचा आणि नट आवळायचे. मधली फट बुजवायला काय? मेण! मोठ्या मेदूवड्याएवढं पिवळट, चिकट मेणाचं कडं. कमोडच्या वजनाने ते दबतं आणि फट भरतं. या देशाने चंद्रावर माणूस उतरवला आणि संडास मेणावर बसवला. मी हे आजींना म्हटलं, तर म्हणाल्या, ‘आधीचं किती वर्षं टिकलं ते बघ.’ टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख छापलेली होती, मार्च 1996. त्यांना त्यावरून दुसरंच काहीतरी आठवलं. 1992 च्या कायद्याने घरगुती कमोडला एका फ्लशला 1.6 गॅलनची, म्हणजे सुमारे 6 लिटरची मर्यादा घातली. ती 1994 पासून लागू झाली आणि सुरुवातीचे ते कमोड इतके वाईट होते की लोक दोनदा फ्लश करत. पाणी वाचलं किती ते विचारू नकोस, म्हणाल्या. तर ते मेण जवळजवळ तीस वर्षं टिकलं होतं. सिमेंटच्या बाजूने बोलायला मला फारसं काही उरलं नाही.

काम सांगायला सोपं आहे. पाण्याचा कॉक बंद करायचा, फ्लश करायचं, उरलेलं पाणी स्पंजने टिपायचं. हा स्पंज हातात धरून मी दोन मिनिटं नुसती उभी होते. नट गंजलेले, म्हणून ते ब्लेडने कापले. मग दोघींनी मिळून कमोड उचलला आणि जुन्या चादरीवर आडवा ठेवला. पाइपच्या तोंडात आजींनी फडक्याचा बोळा कोंबला, गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून. बोळ्याचं दुसरं टोक त्यांनी बादलीच्या कडीला बांधलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, 1983 मध्ये त्या बोळा काढायला विसरल्या होत्या.

जुनं मेण काळं पडलेलं, एका बाजूला पूर्ण चेपलेलं. पट्टीने खरवडताना ते हाताला, बाहीला, केसांनाही लागलं. फ्लँज शाबूत होती, प्लायवूड दाबून बघितलं तर तेही घट्ट, नशीब. नवीन रिंग दहा डॉलरच्या आतली. ती बसवून कमोड सरळ खाली ठेवायचा, आणि एकदा टेकला की पुन्हा उचलायचा नाही. एकदा चेपलेलं मेण पुन्हा फुगत नाही, मग नवीन रिंग आणा. नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळायचे. मी जोर लावायला गेले तर आजींनी हातावर चापट मारली, कारण जास्त आवळलं तर चिनीमाती तडकते. तरीही फरशी उंचसखल असल्यामुळे जरासा डोलत होताच, तिथे प्लास्टिकच्या दोन पाचरा सारल्या. शेवटी कडेने सिलिकॉन भरलं, पण मागची बाजू उघडी ठेवली. पुन्हा गळलं तर पाणी दिसायला हवं ना.

हे सगळं वाचून माहेरचे लोक म्हणतील, त्यात काय एवढं. आमच्या कणकवलीच्या लोकांनी तर म्हणूच नये. गांधीजींचे कोकणातले अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितलं, ते नाकारलं म्हणून उपास सुरू झाला आणि त्यांच्या पाठिंब्याला गांधीजींनी येरवड्यात उपास केला. नंतर कणकवलीतल्या त्यांच्या गोपुरी आश्रमात संडासांचेच प्रयोग. शाळेत असताना आमची सहल तिथे गेली होती, मी त्यावर निबंध लिहिला होता आणि बक्षीसही मिळालं होतं. पण घरातला संडास मात्र मी कधी घासला नाही. त्यासाठी बाई यायच्या. त्यांना चहा वेगळ्या कपात मिळायचा, आणि तो कप मोरीच्या खिडकीत ठेवलेला असायचा. माझ्या बाजूने इतकंच सांगते की तेव्हा मी लहान होते. तशी मी नंतर मोठीही तिथेच झाले.

आजींना पैसे विचारायची हिंमत झाली नाही. साबुदाण्याची खिचडी खाऊन आणि उरलेली डब्यात घेऊन त्या गेल्या.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सासू-सासऱ्यांना मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, ‘शाब्बास! आणि पाचर नीट बसवलीस ना?’ आई जरा वेळ गप्प होत्या.

‘तू स्वतः उचललंस?’

‘हो. आजी होत्या बरोबर.’

‘अगं, मग नंतर डोक्यावरून आंघोळ केलीस ना?’

केली म्हटलं. दोनदा केली होती. एकदा मेण जाईना म्हणून.