गाडी कमी, थांबणं जास्त

आज डोंगरातल्या भातखाचरांमधून गाडीने फिरलो. नकाशावर अंतर किरकोळ दिसत होतं, प्रत्यक्षात अख्खा दिवस गेला, कारण दर वळणावर कुणीतरी ‘थांब, थांब’ ओरडायचं.

लांबून नुसत्या हिरव्या पायऱ्या दिसतात. गंमत कळते ती उतरून बांधाजवळ गेल्यावर. बांध कुठेच सरळ नाही, डोंगराच्या अंगाने वळत जातो, म्हणून खाचरात पाणी सगळीकडे सारखं उभं राहतं. उतार जिथे तीव्र तिथे खाचर इतकं चिंचोळं, की बैलसुद्धा वळणार नाही. वरच्या खाचराच्या बांधाला वीतभर तोंड ठेवलेलं, त्यातून पाणी खालच्यात, तिथून आणखी खाली. एका शेतकऱ्याने पायानेच चिखलाचा गोळा सरकवून ते तोंड बंद केलं. झालं, पाणी थांबलं! ना पंप, ना मोटर. शिवाय साचलेल्या पाण्यात तणही फार माजत नाही.

फिलिपिन्समधल्या इफुगाव लोकांची अशीच खाचरं १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. असायलाच हवीत.

फोटो टाकतोय, पण त्यात उंची अजिबात कळत नाही. आणि हो, जाणार असाल तर गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला लावा.