फोन कोणी लावायचा?

मागच्या आठवड्यात परत एकदा समन्वय मीटिंग झाली. पोहे, चहा, पीपीटी. पीपीटीत शेवटून दुसरी स्लाइड नेहमीचीच, गोलांची आणि बाणांची, एका गोलात आरोग्य, एकात पोलीस, एकात शिक्षण, एकात कृषी, एकात महिला बालविकास, आणि मधल्या मोठ्या गोलात 'आत्महत्या प्रतिबंध'. सगळे बाण येऊन मधल्या गोलाला टोचतात. मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, सरकारी यंत्रणेत बारा वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन या समन्वयाच्या टेबलावर, आणि त्या मधल्या गोलात अजून मला कोणी बसलेलं दिसलेलं नाहीये.

म्हणून या वेळी विचारलं. म्हटलं सर, एक पेशंट धरा, प्रयत्न केला, वाचला, चार दिवसांनी घरी गेला, तर पाचव्या दिवशी त्याला 'कसा आहेस' म्हणून फोन कोण लावणार? पदनाम सांगा फक्त. दोन मिनिटं शांतता. मग मागून कोणीतरी म्हणालं, ते डीएमएचपी बघेल ना. डीएमएचपी म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला मिळून एक छोटीशी टीम, सगळी पदं भरलेली असतील तर, आणि त्यांनी ओपीडी, कॅम्प, जेल, शाळा, ट्रेनिंग सगळं करायचं. असो.

बाहेरच्या माणसाला वाटतं सरकारी दवाखाने सगळे एकाच मालकाचे. पुण्यातच बघा. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचं. औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं, कमला नेहरू पुणे महापालिकेचं, वायसीएम पिंपरी-चिंचवडचं, कॅन्टोन्मेंटची हॉस्पिटलं थेट संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली. खेड्यातली पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, जिल्हा परिषदेची, तिथे साहेब डीएचओ, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि ग्रामीण रुग्णालयाला साहेब सिव्हिल सर्जन. प्रायव्हेटचं तर विचारूच नका. प्रत्येकाचा केसपेपर वेगळा, रजिस्टर वेगळं, महिन्याचा रिपोर्ट वेगळ्या माणसाला जातो. हडपसरला राहणारा माणूस रात्री ज्या कॅज्युअल्टीत पोचतो त्यावर ठरतं की त्याची नोंद कुठल्या खात्याच्या कपाटात जाणार.

आणि आकडे पोलिसांकडे. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो, त्यांचा २०२२ चा रिपोर्ट म्हणतो देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. पण हे गेलेल्यांचे आकडे. जे वाचले ते एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसच्या, वहीत एका ओळीपुरते असतात, आणि खूपदा ती ओळसुद्धा खरी नसते. नातेवाईक हात जोडून सांगतात, डॉक्टर, अपघात लिहा, पोरीचं लग्न व्हायचंय, केस होईल. मी दर वेळी सांगते, अहो मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, त्याचं कलम ११५ म्हणतं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, उलट सरकारनेच त्याची काळजी घ्यायची, उपचार द्यायचे, परत अशी वेळ येऊ नये ते बघायचं. १ जुलै २०२४ पासून आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं आयपीसीचं जुनं ३०९ कलमही गेलं, नव्या न्याय संहितेत त्याच्या जागी फक्त सरकारी माणसावर दबाव आणायला केलेल्या प्रयत्नाचं एक कलम उरलंय. लोक मान डोलवतात आणि परत म्हणतात, तरी पण अपघातच लिहा मॅडम. त्यांचं तरी काय चुकलं, चौकीत बसायला लागतं ते कायदा वाचून थोडंच टळतं.

आता त्या मुलाबद्दल, ज्याच्यामुळे मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षा देणारा, चोवीस-पंचवीसचा, गाव मराठवाड्यात, पुण्यापासून ट्रॅव्हल्सने अख्खी रात्र. एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात होता. सायकियाट्री रेफरन्स झाला, मत लिहिलं गेलं, आणि डिस्चार्ज कार्डावर शिक्का पडला, 'मंगळवारी ओपीडीत दाखवणे'. कुठला मंगळवार आणि कुठली ओपीडी, बाप त्याला संध्याकाळच्या गाडीने गावी घेऊन निघालेला. मला कळलं ते पण कुठल्या सिस्टिममधून नाही हं, वॉर्डच्या सिस्टरने जुन्या ओळखीने व्हॉट्सॲप केलं, 'मॅडम येऊन जाता का, मला हा जाताना बरा वाटत नाहीये.' राज्यातलं अर्धं समन्वय असंच चाललंय, कोणाच्या तरी मोबाईलमध्ये सेव्ह असलेल्या नंबरवर.

लिफ्टशेजारच्या जिन्यात बसून बोललो आम्ही. वडील एका पायरीवर, मांडीवर रिपोर्टची पिशवी, ते सारखे बिलाच्या पावत्या मोजत होते, परत घडी घालत होते, परत मोजत होते. मुलगा तासभरात जेमतेम दहा वाक्यं बोलला. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, हे गावाकडे कळवणार का तुम्ही?"

माझ्या डोक्यात तोपर्यंत सगळं छान बसलं होतं. तिकडच्या डीएमएचपीच्या सरांना फोन करायचा, ते पीएचसीला सांगतील, पीएचसी आशा ताईला, ताई घरी जाऊन येईल. मराठवाडा-विदर्भात शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आहे, आशा ताया घरोघर जाऊन विचारपूस करतात, म्हणजे कागदावर साखळी तयार आहे. मी त्याला हे समजावून सांगितलं तर म्हणाला, "आशा माझी सख्खी चुलती आहे."

संपलं. कुठल्या स्लाइडवर बाण काढायचा याचा? समन्वय समन्वय करताना आपण विसरतो की माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते तेव्हा ती एका माणसाची अब्रू असते.

मग ठरलं की गावात कोणालाच कळवायचं नाही, फोन मीच लावणार, त्याच्या आणि वडिलांच्या दोघांच्या नंबरवर. माझ्या जॉब चार्टमध्ये हे काम नाही. पण ही काही माझी हौस नाहीये. डब्ल्यूएचओने पाच देशांत अभ्यास केला होता, आपलं चेन्नई होतं त्यात, २००८ मध्ये छापून आला. प्रयत्न करून वाचलेले १,८६७ लोक. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना नेहमीचे उपचार अधिक डिस्चार्जच्या सुमारास तासभर बोलणं आणि पुढे दीड वर्षात ठरलेल्या वेळी नऊदा संपर्क, फोन करून नाहीतर घरी जाऊन. दीड वर्षाने पहिल्या गटात आत्महत्येने गेलेले २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२. मशीन नाही, नवीन औषध नाही. आठवडा पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा, मग महिना चौथा, सहावा, बारावा, अठरावा. माझ्या फोनच्या कॅलेंडरला लावून ठेवलंय हे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आणलं, २०३० पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे. ते वाईट नाहीये, पाच वर्षांत सगळ्या जिल्ह्यांत मानसोपचार ओपीडी वगैरे चांगल्या गोष्टी आहेत त्यात. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ पण आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, मी स्वतः मेसवाल्या काकूंच्या भिंतीवर तो नंबर चिकटवून आलेय. कारण पेठेत पोरगा दोन दिवस जेवायला आला नाही हे सगळ्यात आधी मेसवाल्या काकूंनाच कळतं. पण हेल्पलाइनला पोराने फोन करायचा असतो, आणि मी म्हणतेय तो फोन उलट्या दिशेचा आहे.

कृषीचा बाण मात्र माझा आवडता. श्रीलंकेने जास्त विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण वीसेक वर्षांत जवळपास ७० टक्क्यांनी खाली आलं. एवढं तर आम्ही सगळे काउन्सेलर मिळून जन्मभर करू शकणार नाही. आमच्या मीटिंगला कृषी खात्याची खुर्ची रिकामी होती, पोह्यांची प्लेट तेवढी ठेवलेली.

बरं, आशा तायांवर माझा राग नाही, उलट त्यांच्याकडूनच शिकलेय. मुळशीकडच्या एक ताई ट्रेनिंगला म्हणाल्या, "मॅडम, हा शब्द घेऊन मी कोणाच्या दारात जात नाही. मी बीपीचं मशीन घेऊन जाते. हात धरला की माणूस बोलतं." आमच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न त्या शब्दाचा आहे. बदला म्हणून मी दोनदा लिहून दिलंय, फाइल फिरतेय.

त्या मुलाचे चार फोन झाले. पहिल्याला वडिलांनीच उचलला, शेतीची औषधं भावकीत दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवली म्हणाले, मी न विचारता. दुसऱ्याला नंबर बंद, रिचार्ज संपलेला, माझी ती रात्र कशी गेली ते मी नाही सांगत. तिसऱ्याला तो स्वतः बोलला, तालुक्याच्या ओपीडीत जाऊन आलो, गोळ्यांनी झोप फार येते म्हणाला, मग त्याच्यासमोरच तिकडच्या डॉक्टरांना कॉन्फरन्सवर घेऊन डोस विचारून घेतला.

चौथा, सातव्या आठवड्यातला, परवा लावला. मागे मळणी यंत्राचा आवाज, काही ऐकू येईना. ओरडून म्हणाला, "मॅडम, सोयाबीन चालूये, संध्याकाळी करा." सातला लावला तर म्हणे थांबा पाच मिनिटं, धार काढतोय. फोन तसाच चालू ठेवून गेला, आणि मी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून बादलीत दूध पडल्याचा आवाज ऐकत होते.